भिंत रंगली, लग्न कोणाचं?

चिखलीत चित्रकलेचे क्लास घेता घेता ‘कला माणसं जोडते’ हे वाक्य मी कुठेतरी ऐकलं आणि दुर्दैवाने खरं मानलं. तेव्हापासून गावोगावच्या पोरापोरींना जमवून मी भिंती रंगवतो. माझा नियम एकच: चित्र सगळ्यांनी मिळून ठरवायचं, सरांनी मध्ये बोलायचं नाही. हा नियम सांगायलाच मला पाऊण तास लागतो.

वडनेर भोलजीत भिंत मिळाली ती भाजीपाला पिकवणाऱ्या एका घराची, अगदी रस्त्यावरची. घरात एक मावशी आणि तिचा तिशी ओलांडलेला, लग्नाचा मुलगा. “घ्या ना सर, कोरीच हाये,” मावशी म्हणाली आणि वर चहाही पाजला. भिंत कशी तयार करायची ते मी पोरांवर सोपवलं. त्यांनी घराची भिंत रंगताना आजवर एकाच कारणासाठी पाहिली होती. त्यांनी पांढराशुभ्र चुना दिला, भोवती गेरूची जाड किनार ओढली आणि दाराशेजारी सवयीने गणपती काढला. मी ‘वा, लोककला!’ म्हणत मागे सरकून फोटो काढले.

आमच्याकडे घरावर चुना, गेरू आणि गणपती आला की त्या घरी लग्न असतं. गणपतीखाली नवरा-नवरीची नावं येतात. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही, माझ्या लग्नातली भिंत मीच रंगवली होती. पण कार्यशाळेचा बिल्ला गळ्यात अडकवला की माझी अक्कल चरायला जाते.

दुपारपर्यंत येणारा-जाणारा प्रत्येक जण थांबायला लागला.

“जमलं काय वो पोराचं? पोरगी कुठची?”

“आमाले सांगतलं बी नाही!”

मुलाची आत्या तर नांदुऱ्याहून ऑटोने आली, ती रुसूनच.

शेती करणाऱ्या पोराला आजकाल कोणी मुलगी देत नाही. मावशी कितीतरी दिवस स्थळं शोधत होती, आणि आता प्रत्येकाला “नाही जी, नुस्तं चित्र हाये” सांगता सांगता तिचा आवाज बसत गेला. शेवटी ती आत गेली ती बाहेर आलीच नाही. मला फार वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, थोडं चहाचंही वाटलं.

पोरांनी गोल करून चर्चा केली. ठराव एकमताने झाला: मोठ्या अक्षरांत लिहूनच टाकू, म्हणजे कोणी विचारणार नाही. मी नियमाप्रमाणे मध्ये बोललो नाही, उलट टाळ्या वाजवल्या. गणपतीखाली गेरूची ठळक अक्षरं उमटली: ‘या घरी लग्न नाही.’

तेवढ्यात मुलगा शेतातून आला. मोटरसायकलवर बसल्या बसल्याच त्याने ते वाचलं. पोरांनी हातातले ब्रश पाठीमागे लपवले. ती भिंत अंगावर पडली तर बरं, असं मला वाटलं.

“सर,” तो हळूच म्हणाला, “गावाले त हे पाठच होतं. आता रस्त्यानं जानाऱ्यालेही समजन.”

मी चुन्याची बादली उचलली. म्हणालो, सगळंच पुसतो, गणपतीसकट. त्याने माझा हात धरला.

“अक्षरं पुसा. गनपती राहू द्या.”

“आन् दादा, त्याच्याखाली काय काढू?” एका पोरीने विचारलं.

“काही नोको काढू. तेवढी जागा कोरी ठेव.”

मावशी दारात येऊन उभी होती. तिने पदर तोंडाला लावला.

उरलेल्या भिंतीवर आम्ही वांगी, मिरच्या आणि एक बराचसा गाढवासारखा दिसणारा बैल काढला. वडनेरला गेलो की मी अजून ती भिंत बघून येतो. गणपतीखाली नावं आलेली नाहीत. आमची वांगी आता पार विटली आहेत, पण गेल्या खेपेला पाहिलं, तेवढ्याच कोऱ्या तुकड्याला मावशीने नवा चुना दिला होता.