राणीछाप रुपया

पणजोबांची मखमली टोपी आईनं बटवा शिवायला म्हणून उसवली, तर अस्तरातून एक राणीछाप रुपया टणकन फरशीवर पडला. आमच्या रोहण्यात असे रुपये कुणाकुणाच्या पेटीत अजून सापडतात, पण झिजून राणीचं नाक गेलेले. ह्या राणीचं नाक शाबूत होतं आणि केसांच्या बटाही मोजून घ्याव्यात अशा. आई तो चिंचेनं घासायला निघाली, तर बाबा केवढ्यांदा ओरडले, "हात नको लावू! त्याचा रंग जाईन!"

मी वर्ध्याच्या एका संग्राहकांना फोटो पाठवला. दुसऱ्याच दिवशी ते मोटारसायकलवर हजर. भिंग लावून पाहिलं आणि म्हणाले, "भाऊ, ह्या सालचे रुपये मुळातच कमी. आन असा कोरा तर मी पहिल्यांदाच पाहून राह्यलो. बोला, किती घेता?"

"विकाचा नाई," बाबा म्हणाले. "फक्त सांगा, कसा आहे."

त्यांनी पुन्हा सांगितलं. बाबांनी तेही मन लावून ऐकलं आणि आईला पोहे करायला सांगितले.

मग बाबांना चटकच लागली. आर्वीचे, पुलगावचे, अगदी अमरावतीचे संग्राहक येत, रुपयाचं कौतुक करत, पोहे खात आणि रिकाम्या हातानं परत जात. शेवटी आई म्हणाली, "दारावर पाटीच लावा ना. रुपया पाहा, पोहे खा."

एके दिवशी वडनेरहून एक निवृत्त शिक्षिका आल्या. बाबांनी रुपया कुठं सापडला इथपासून सुरुवात केली. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, स्वतःचं भिंग काढलं, रुपयाची पुढची बाजू बराच वेळ पाहिली, मग मागची पाहिली. "छान आहे," त्या म्हणाल्या. "माझ्याजवळचा याच्याहून छान आहे."

बाबांचा घास हातातच राहिला. "असा कसा असन?"

"येऊन पाहा."

दोन दिवसांनी बाबा मला घेऊन एसटीनं वडनेरला निघाले. बाईंनी टेबलावर काळं कापड पसरून दोन्ही रुपये शेजारी ठेवले. बाबांनी त्यांचा पाहिला, आपला पाहिला, चष्मा पुसला आणि पुन्हा त्यांचा पाहिला. तिथं राणीच्या बटेतला एकेक केस सुटा दिसत होता. मला बाबांच्या ब्लडप्रेशरची काळजी वाटायला लागली.

"बाई," ते हळूच म्हणाले, "तुमचाच चांगला आहे."

आपल्या कापसापेक्षा शेजाऱ्याचा कापूस चांगला आहे, हेसुद्धा ह्या माणसानं जन्मात कधी कबूल केलं नव्हतं.

"राणी माझी चांगली," बाई म्हणाल्या. "पण मागची वेलबुट्टी तुमच्या रुपयाची जास्त ठसठशीत आहे. मी त्याच दिवशी सांगणार होते, तुमी पुढं बोलूच कुठं दिलं?"

बाबांनी दोन्ही रुपये घाईनं उलटे केले. खरंच होतं. मग दोघं जे बोलत बसले, की आमची एक एसटी चुकली, दुसरीही चुकली.

तिसरी मिळाली ती खच्चून भरलेली. रुपया बाबांच्या आतल्या खिशात होता आणि ते एका हातानं दांडी धरून दुसरा हात छातीवर दाबून उभे होते. एक बाई घाबरून सीटवरून उठली. "काका, बसा बसा. छातीत दुखून राह्यलं का?"

"नाई वो," बाबा म्हणाले, "लय बरं वाटून राह्यलं." आणि बसले.