दोन बोटं माया

माझी आत्या सामान्य आहे, आणि तसं तिच्याकडे लेखी पत्र आहे. वर जावक क्रमांक, मधे गोल शिक्का, खाली तिघांच्या सह्या. 'आपली नियुक्ती सामान्य व्यक्ती या जागेवर करण्यात येत आहे.' ते पत्र तिने शिवणयंत्राच्या वरच्या खिळ्याला अडकवून ठेवलंय. शेजारचा इस्त्रीवाला ते वाचून दोन दिवस फुगून बसला होता. "मग आम्ही काय असामान्य?" असं त्याने मला विचारलंसुद्धा. मी तिच्या शिवणाच्या दुकानात काज-बटणं करते, त्यामुळे आत्याला विचारायची हिंमत नसलेले सगळे प्रश्न माझ्याकडे येतात.

झालं असं, की मोठ्या इस्पितळात माणसांवर नवं औषध तपासून बघायचं तर आधी नैतिकता समितीची परवानगी लागते. समितीत पाच डॉक्टर, एक वकीलबाई, नीतिशास्त्र शिकवणारे एक प्राध्यापक, आणि नियमाप्रमाणे एक सामान्य व्यक्ती. म्हणजे जिला औषधातलं काही कळत नाही आणि जी तसं कबूलही करते. अडतं ते या दुसऱ्या अटीवर. आत्याच्या आधीचे सामान्य गृहस्थ बैठकीत झोपायचे, आणि त्यांची मान पुढे पडली की ती होकार म्हणून नोंदली जायची. समितीचे अध्यक्ष त्या पाचांतलेच एक म्हातारे सर्जन. त्यांच्या पँटी आत्या वीस वर्षं कमरेत सैल करून देते आहे. त्यांच्या पोटाबद्दल त्यांना तोंडावर खरं सांगणारी ती एकटीच, म्हणून त्यांनी तिचं नाव सुचवलं.

पहिल्या तीन बैठकांत आत्या एक अक्षर बोलली नाही. घरी येऊन मात्र सगळ्यांची मापं सांगायची. "प्राध्यापकांचा डावा खांदा उतरलाय, कोटाला कुणी पॅड घातलं नाही. वकीलबाईंची बाही दंडात काचते, म्हणून त्या सारख्या चिडतात." नैतिकतेचं काय झालं म्हणून विचारलं तर म्हणायची, "बिस्किटं चांगली होती."

चौथ्या बैठकीचे कागद आले आणि आमच्या घराचा सूरच बदलला. हाताचा कंप कमी करणाऱ्या औषधाची ट्रायल होती. माझे बाबा, म्हणजे आत्याचा सख्खा मोठा भाऊ, घड्याळं दुरुस्त करायचे. करायचे म्हणते, कारण दोन वर्षांपासून त्यांचे हात थरथरतात. तांदळाच्या कणीएवढा स्क्रू चिमट्यात धरायचा आणि तो उडून टेबलाखाली जायचा. मग बाबा आणि मी दोघं जमिनीवर रांगत शोधायचो. शेवटी त्यांनी पाटी उतरवली आणि भिंग डब्यात ठेवून दिलं. त्यांच्या डॉक्टरांनी या ट्रायलबद्दल त्यांना सांगितलं होतं. त्या दिवसापासून ते पोरासारखे खूश होते.

"तू फक्त हात वर कर," ते आत्याला म्हणाले. "तुझा थरथरत नाही ना? मग कर वर."

"वाचू तरी देशील का, दादा?"

"वाचायला बाकीचे आहेत की. तू सामान्य आहेस!"

सहभागी होणाऱ्यांनी सही करायचा कागद बावीस पानांचा होता. आत्याने तो दुकानात आणला आणि तिथेच तिने घोटाळा केला. तिचं म्हणणं असं, की मला लोकांच्या वतीने बसवलंय, तर लोकांना विचारल्याशिवाय मला कसं कळणार त्यांचं मत? कागदावर ठळक अक्षरांत 'गोपनीय' लिहिलं होतं. आत्याने कात्रीने कंपनीचं नाव कापलं, औषधाचं नाव कापलं आणि मग 'गोपनीय'ही कापलं. उरलेली पानं ट्रायल रूममध्ये आरशाशेजारी टाचण्यांनी लावली. खाली कटिंगचा खाकी कागद आणि दोरीला बांधलेला खडू.

अर्धवट कपड्यात उभ्या असलेल्या माणसाला वाचायला भरपूर वेळ असतो. पंधरा दिवसांत खाकी कागद भरून गेला. 'अक्षर मोठं करा.' 'सुई किती वेळा?' 'नवऱ्याची सही का लागते, हात माझा आहे.' कुणीतरी 'आरसा पुसा' असंही लिहिलं होतं, ते मीच पुसलं, आरसा नाही, वाक्य. पण सगळ्यात जास्त खडू सतराव्या पानासमोर झिजला होता. त्या पानावर लिहिलं होतं, की सहा महिन्यांनी ट्रायल संपेल आणि औषध बंद होईल. खाली निरनिराळ्या अक्षरांत एकच प्रश्न: आणि गुण आला असेल तर?

बैठकीत आत्याने तो खाकी कागद टेबलावर उलगडला, बिस्किटांच्या बशीसकट. वकीलबाईंना ठसका लागला. गोपनीयता, शिस्तभंग, असं बरंच काही झालं. अध्यक्षांनी कपाळाला हात लावला आणि म्हणाले, "बाई, आता आणलंच आहे तर बोला."

"साहेब, माझ्याकडे ट्रायल झाली की कपडा गिऱ्हाइकाचा होतो," आत्या म्हणाली. "तुमची पँट बसली, छान दिसली, आणि मी म्हटलं की ट्रायल संपली, पँट इथेच ठेवा आणि तसेच घरी जा, तर चालेल तुम्हाला?"

पाच डॉक्टरांनी एकाच वेळी कागदात तोंड घातलं.

"या कागदात मायाच नाही," आत्या पुढे म्हणाली.

प्राध्यापक एकदम ताठ बसले. इतक्या वर्षांत त्यांच्या विषयावर समितीत प्रथमच कुणी बोललं होतं. त्यांनी इतिवृत्तात लिहून घेतलं, 'सामान्य सदस्यांच्या मते सदर प्रपत्रात करुणेचा अभाव आहे.' करुणा कुठली आलीय! शिवणीच्या आत जे जादा कापड सोडतात ना, पुढे उसवून सैल करायला, त्याला माया म्हणतात. सहा महिन्यांनंतरसाठी या कागदात दोन बोटं कापड सोडलेलं नाही, एवढंच तिचं म्हणणं होतं. पण करुणेची नोंद झाली ती झालीच.

ट्रायल घेणारे डॉक्टर माहिती द्यायला समितीपुढे आले होते, ते वैतागले. "कंपनी ऐकणार नाही. उशीर झाला तर ती दुसऱ्या गावी जाईल. रुग्ण वाट बघताहेत, बाई."

"माहीत आहे. एक माझ्या घरीच आहे. माझा सख्खा भाऊ."

वकीलबाईंनी लगेच नियमावर बोट ठेवलं. ज्याचं नातं, त्याने निर्णयाच्या वेळी बाहेर बसायचं. आत्या पिशवी उचलून मुकाट्याने बाहेर बाकावर जाऊन बसली. मग पुढचा नियम निघाला: सामान्य व्यक्ती हजर नसेल तर निर्णय घेता येत नाही. आत सात विद्वान आणि एका सामान्य माणसावाचून गाडं अडलेलं! कुणीतरी धावत जाऊन लिफ्टमनला विचारलं. तो छाती काढून म्हणाला, "साहेब, मी सामान्य नाही. मी कायम आहे."

बैठक तहकूब झाली. अध्यक्षांनी आत्याचा प्रश्न जसाच्या तसा कंपनीला पाठवला, पँटीचं उदाहरण तेवढं वगळून.

उत्तर यायला दोन महिने लागले. तेवढे दिवस बाबा आत्याशी बोलले नाहीत. चहाचा कप दोन्ही हातांनी धरायचे, तरी बशीत सांडायचा, आणि ती बशी ते मुद्दाम तिच्यासमोर ठेवायचे. मलाही तिचा राग आला होता, खोटं कशाला बोलू? लोकांची काळजी करणारी ही बाई नेमकी आमच्याच वाट्याला का आली, असं मला वाटायचं.

आणि कंपनी चक्क कबूल झाली. आत्याच्या जागी एक निवृत्त पोस्टमन सामान्य म्हणून बसले आणि परवानगी मिळाली. सतराव्या पानावर नवी ओळ आली, की ज्यांना गुण येईल त्यांना ट्रायलनंतरही औषध मिळत राहील. मी उड्या मारत बाबांना घेऊन नाव नोंदवायला गेले. खिडकीतल्या नर्सने जन्मतारीख बघितली, मग पुन्हा बघितली. चौथ्या पानावर लिहिलं होतं, वय पासष्टच्या आत. बाबांना पासष्ट पूर्ण होऊन अकरा दिवस झाले होते.

घराच्या पायऱ्यांवर बाबा म्हणाले, "अकरा दिवस मागे पडलेलं घड्याळ मी कधी कुणाला परत दिलं नाही."

आत्या दर वाढदिवसाला त्यांना शर्ट शिवते. या वर्षीचा तसाच पडून होता. दुसऱ्या दिवशी बाबा आपणहून दुकानात आले आणि ट्रायल रूममध्ये उभे राहिले. आत्याने शर्ट त्यांच्या अंगात चढवला. बाबा वाळले होते, बाजू दोन्हीकडून आत घ्याव्या लागणार होत्या. ती टाचण्या लावायला लागली.

"तुला चौथं पान माहीत होतं?" बाबांनी विचारलं.

"हो."

"आणि माझा वाढदिवस?"

"हो, दादा."

"मग तिथे का नाही मागितलीस माया? दोन बोटं?"

आत्याच्या तोंडात टाचण्या होत्या. त्या तिने एकेक करून काढल्या. "सतरावं पान सगळ्यांनी मागितलं होतं," ती म्हणाली. "चौथं मी एकट्या तुझ्यासाठी मागितलं असतं."

बाबा बटण लावायला गेले. ते काजात जाईना. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा निसटलं. मी पुढे झाले तर त्यांनी मानेनेच नको म्हटलं, आणि हनुवटी वर करून आत्यासमोर उभे राहिले. "लाव," म्हणाले.

तिने गळ्यापासून खालपर्यंत सगळी बटणं लावली.