कोरीन हुडाकला आलेलं अभिनंदनाचं पत्र

सोमवारी सकाळी साडेसातला आमच्या स्वयंपाकघरात नेहमीचा गोंधळ चालला होता. एका शेगडीवर ओट, दुसरीवर अंडी, नवरा एका पायात मोजा घालून दुसरा शोधतोय, आणि ड्रायरमध्ये कुणाच्या तरी खिशातली नाणी खडखडतायत. तेवढ्यात मागच्या दारावर थाप पडली. मागच्या दाराने आमच्याकडे एकच बाई येते आणि ती कधी थाप मारत नाही, सरळ आत येते. म्हणून जरा दचकूनच मी हात पुसत दार उघडलं.

कोरीनच होती. अंगात कोर्टात जायचा निळा कोट, पायात घरातल्या सपाता, हातात एक कागद.

"मीना, हे वाच आणि सांग, मी मूर्ख आहे का?"

"आत तर ये. गारठा शिरतोय घरात."

"आधी वाच."

कोरीन हुडाक आमची शेजारीण, वय चव्वेचाळीस. आमचं गाव ओहायो नदीकाठचं, चिनी मातीच्या कपबश्यांचं. तिचे वडील लॅडी चाळीस वर्षं कारखान्याच्या भट्टीवर होते. आई बशांना झिलई द्यायच्या खात्यात होती. कोरीन वीस वर्षांची असताना आईने अंथरूण धरलं, पोरीने कॉलेज सोडलं आणि काउंटीच्या कोर्टात जुन्या कागदपत्रांच्या खोलीत नोकरी धरली. आई सहा वर्षांनी गेली. नोकरी मात्र अजून तीच आहे. मग संध्याकाळच्या वर्गांना बसून, नऊ वर्षं लावून, तिने आपली पदवी पुरी केली. पदवीदानाच्या दिवशी शेजारच्या खुर्चीतल्या मुलीने तिला विचारलं होतं, "तुमची मुलगी कुठे बसलीय?"

त्या कोर्टाच्या तळघरात तिला शंभर वर्षांपूर्वीची मृत्यूंची एक वही सापडली. तिच्यात झिलईच्या खात्यातल्या एकोणतीस बायका. वयं वीस, तेवीस, सव्वीस. तेव्हा झिलईत विषारी शिसं असायचं हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आणि वहीत प्रत्येकीच्या नावापुढे मृत्यूचं कारण एकच लिहिलेलं: 'नाजूक प्रकृती'. ते मला दाखवताना कोरीनने त्या शब्दांवर बोट आपटलं होतं. "दिवसाला पन्नास डझन बशा उचलायच्या या बायका. नाजूक म्हणे!"

या बायकांचा इतिहास लिहायचा म्हणून तिने त्यांच्यावरचा एक निबंध जोडून दोन ठिकाणी अर्ज केले. पूर्वेकडच्या एका फार जुन्या, फार नावाजलेल्या विद्यापीठात डॉक्टरेटसाठी, आणि आमच्याच राज्यातल्या, दोन तासांवरच्या सरकारी विद्यापीठात एम.ए.साठी. सरकारी विद्यापीठाचं उत्तर मार्चमध्येच आलं. फी माफ. पहिल्या वर्षाच्या मुलांचे वर्ग सांभाळायचे, त्याचे वर्षाला साडेसतरा हजार डॉलर, अशी दोन वर्षं. शिवाय तिथल्या प्राध्यापिका डेलोरेस पिंकनी यांनी स्वतः फोन केला. "तुमच्या निबंधाचं अकरावं पान मी दोनदा वाचलं," त्या म्हणाल्या. "या एकोणतीस जणींच्या नातवंडांपैकी कुणी गावात आहे का हो?" पाऊण तास दोघी बोलत होत्या.

आणि मग दहा दिवसांपूर्वी त्या मोठ्या विद्यापीठाचं पत्र आलं. पहिलाच शब्द: अभिनंदन!

पुढे जे झालं त्याला आम्ही सगळेच जबाबदार आहोत. ईस्टरच्या आधीच्या उपवासात आमच्या चर्चच्या तळघरात दर शुक्रवारी पिरोगी विकतात. बटाटा नि चीजचं सारण भरलेल्या, करंजीसारख्या कडा दाबलेल्या. त्या करायला गुरुवारी सकाळी पंचवीस-तीस बायका जमतात. गेल्या गुरुवारी लॅडी जिना उतरून खाली आला, टोपी काढली आणि पत्र मोठ्याने वाचायला लागला. पहिला परिच्छेद वाचला आणि टोपीने डोळे पुसायला लागला. पुढे वाचवेना. बायकांनी पिठाच्या हातांनीच त्याला मिठ्या मारल्या. त्याच्या काळ्या कोटावर पांढरे पंजे उमटले. कुणीतरी प्रार्थनेची घंटासुद्धा वाजवली. पत्राचा दुसरा परिच्छेद कुणी मागितला नाही. मीही नाही. माझेही हात पिठाचेच होते.

आता मी पूर्ण पत्र वाचलं. पहिल्या परिच्छेदात अभिनंदन. दुसऱ्यात किती हजार अर्ज आले नि निवड किती अवघड होती ते. तिसऱ्यात, वाक्याच्या मधोमध, दोन स्वल्पविरामांच्या आत दडवलेलं: यंदा डॉक्टरेटसाठी जागा देणं शक्य झालं नसलं तरी, आपल्या असामान्य गुणवत्तेमुळे आपली एक वर्षाच्या एम.ए.साठी खास निवड करण्यात आली आहे. चौथ्यात फी. एका वर्षाला एकाहत्तर हजार डॉलर, राहणं-खाणं वेगळं. मदत काहीच नाही. विद्यार्थ्यांनी 'इतर मार्गांचा विचार करावा'.

"मी ते वाचलं होतं गं," कोरीन म्हणाली. "मला वाटलं, डॉक्टरेटची ही पहिली पायरी असेल. मोठ्या लोकांची काही पद्धत असेल. आज सकाळी होकाराचा अर्ज भरायला त्यांच्या साइटवर गेले, तर तिथे लाल अक्षरांत लिहिलंय: डॉक्टरेट, नामंजूर. एम.ए.साठी मी तिथे अर्जच केला नव्हता, मीना! मी दार वाजवलं, ते म्हणाले आत यायचं नाही, आणि वर ओसरीवर बसायचं तिकीट माझ्या हातात ठेवलं!"

माझा नवरा एकच मोजा घालून दारात उभा होता. "म्हणजे नापास केलं आणि बिल पाठवलं," तो म्हणाला.

"तुम्ही तुमचा मोजा शोधा," मी म्हटलं. पण बोलला ते खरंच होतं.

"आणि पपा दहा वाजता बँकेत चाललेत," कोरीन खुर्चीत बसत म्हणाली. "घर गहाण टाकायला. सरकारी विद्यापीठाला उद्यापर्यंत हो म्हणायचंय, पंधरा एप्रिल शेवटची तारीख. नाही कळवलं तर ती जागा यादीतल्या पुढच्या माणसाला. पपांना सांगितलं तर म्हणाले, सरकारी कॉलेजात तर कुणीही जातं."

"त्या मोठ्या विद्यापीठाला फोन लाव," मी म्हटलं. "विचार तरी."

साडेआठला फोन लागला. कोरीनने तो टेबलावर, अंड्यांच्या बशीशेजारी ठेवला, मलाही ऐकू यावं म्हणून. पलीकडे एक तरुण आवाज होता, इतका गोड की माझ्या अंगावर काटा आला.

"सर्वप्रथम, मनापासून अभिनंदन, कोरीन!"

"मला एकच सांगा," कोरीन म्हणाली. "हे एम.ए. करून गेल्या पाच वर्षांत किती जण तुमच्याच डॉक्टरेटला लागले?"

"आमचे विद्यार्थी फार विविध क्षेत्रांत चमकतायत—"

"किती?"

"तो आकडा आम्ही ठेवत नाही."

"इतिहास विभाग आहे ना तुमचा?"

तो हसला. "ही स्वतःमधली गुंतवणूक आहे, असं आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो. आणि विद्यापीठाचं नाव तर जन्मभर तुमच्यासोबत राहतं."

"माझा निबंध कुणी वाचला का?"

"प्रत्येक अर्ज समिती अतिशय काळजीपूर्वक—"

"कशावर आहे तो?"

कीबोर्डचे टकटक आवाज आले. "अमेरिकेच्या इतिहासावर," तो म्हणाला.

कोरीनने फोन ठेवला. ओरडली नाही. नाकपुड्या तेवढ्या फुलल्या होत्या. मला मात्र ओरडावंसं वाटत होतं. जिची आई शिशाच्या खात्यात राबली, जिने नऊ वर्षं कोर्टातून सुटल्यावर वर्ग गाठला, तिच्या डोळ्यांत 'असामान्य' हा शब्द फेकायचा आणि तिच्या बापाला बँकेत धाडायचं! आणि अशी पत्रं एकट्या कोरीनलाच आली असतील असं थोडंच आहे? कुठल्या कुठल्या गावात कुणाकुणाचे बाप आज चांगला कोट घालत असतील, देव जाणे.

लॅडीने तर घातलाच होता. नऊला तो मागच्या दारातून आत आला. हाताखाली घराच्या कागदांची पिशवी, केस पाणी लावून बसवलेले.

"चल पोरी, गाडी काढ. साहेबाने दहाची वेळ दिलीय."

"पपा, बसा. मला घेतलं नाही त्यांनी."

"पत्रात अभिनंदन लिहिलंय."

"खाली 'नाही' असं लिहिलंय."

तिने त्याला तिसरा परिच्छेद वाचून दाखवला. सावकाश, दोनदा. लॅडी ऐकत राहिला, मग त्याने पिशवीवर हात थोपटला.

"नाव तर त्यांचंच मिळणार ना? चाळीस वर्षं मी बशा केल्या. गिऱ्हाईक दुकानात आलं की पहिल्यांदा काय करतं? बशी उलटी करतं. पाठीवरचा शिक्का बघतं. बशी कशी आहे ते नंतर. मीना, तूही तेच करतेस, मी पाहिलंय."

करतेच मी.

"पपा," कोरीन म्हणाली, "भट्टीतून डागी माल निघायचा त्याचं काय करायचात तुम्ही?"

"डागी? मागच्या खिडकीत ठेवायचो. केसासारखी बारीक चीर गेलेला कप, झिलईला फोड आलेली बशी. गाववाले न्यायचे."

"शिक्का असायचा त्याच्यावर?"

"असायचा की. शिक्का भट्टीआधी मारतात, खोट नंतर कळते."

"किंमत?"

"चौथाई. कधी त्याहून कमी."

"मग ऐका. त्यांच्या पुढच्या दुकानातला माल म्हणजे डॉक्टरेटवाले. त्यांना फी नाही, उलट पगार मिळतो. मला त्यांनी उलटून पालटून पाहिलं आणि मागच्या खिडकीत ठेवलं. शिक्का तोच मारणार. पण चौथाई किंमत नाही हं. पुरे एकाहत्तर हजार, आणि तेही मीच भरायचे."

लॅडीचे कान लाल व्हायला लागले, आधी पाळ्या, मग सगळेच. बशीतलं थंड झालेलं अंडं तो उगाच बघत राहिला.

"डागी?" शेवटी तो म्हणाला. "माझी पोरगी डागी?"

"मी नाही, त्यांनी ठरवलंय."

"आम्ही खिडकीवर पाटी लावायचो!" त्याने टेबलावर मूठ आपटली, चमचे उडाले. "'डागी माल', ही एवढी मोठी अक्षरं! फोरमन एकदा पाटी विसरला तर मालकाने त्याचा अर्ध्या दिवसाचा पगार कापला. गिऱ्हाइकाला फसवायचं नाही म्हणून! साध्या कपबश्यांचा कारखाना होता तो, विद्यापीठ नव्हतं! आणि हे शिकलेले लोक अभिनंदन लिहितात? मी ते चर्चमध्ये वाचलं, मीना! तीस बायकांपुढे वाचलं!"

"आम्ही सगळ्यांनीच टाळ्या वाजवल्या, लॅडी."

"बँकेला फोन कर आणि सांग, म्हातारा येत नाही म्हणून." पिशवी त्याने खुर्चीखाली सारली. मग जरा वेळाने, कोरीनकडे न बघता, विचारलं, "ती दुसरी बाई. फोनवाली. तिने खरंच वाचलं होतं?"

"अकरावं पान, दोनदा."

"त्यात तुझ्या आईच्या खात्याचं आहे?"

"सगळं त्याच खात्याचं आहे, पपा."

"मग इथे कशाला बसलीस?" तो खेकसला. "त्या बाईला हो कळव."

माझ्याच टेबलावर, माझ्याच संगणकावरून तिने सरकारी विद्यापीठाला होकार पाठवला. पाच मिनिटांत डेलोरेसबाईंचं उत्तर आलं: वहीचे फोटो आत्ताच पाठवा, ऑगस्टपर्यंत मला धीर निघणार नाही. लॅडीने ते वाचलं आणि कोटाची बटणं सोडली.

मग उरलं ते मोठं विद्यापीठ. त्यांना नकार कळवायलाही एक अर्ज भरावा लागतो. आपण येत नाही याचं कारण सांगा: दुसरीकडे प्रवेश, घरगुती अडचण, प्रकृती, अन्य. 'प्रकृती' हा पर्याय वाचून कोरीन एकदम हसली, आणि तितक्याच एकदम थांबली.

"घाल चार शिव्या," लॅडी म्हणाला. "आपल्या स्लोव्हाकमध्ये घाल, समजणार नाहीत."

"शिव्या नको. त्यांना मजकूर समजायला हवा."

तिने 'अन्य'वर खूण केली. खाली लिहायला दोन ओळींची चौकट होती. तिने लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. कोर्टात चोवीस वर्षं दुसऱ्यांचे कागद वाचलेली बाई. शेवटी जे ठेवलं त्यात एक शब्द जास्तीचा नव्हता:

"माझी एकच विनंती आहे. पुढच्या वर्षापासून ज्यांना घ्यायचं नाही, त्यांना पत्राच्या पहिल्या ओळीत तसं सांगा."