केसाएवढी फट

फोन आला तेव्हा मी यवतमाळच्या वर्गात फळ्यावर ‘अँपिअर-टर्न प्रति वेबर’ लिहीत होतो. घाटंजीहून माझा शेतशेजारी बोलत होता. सत्तारभाई माझ्या विहिरीवरची मोटर उघडून बसले होते, तेवढ्यात लाईन आली आणि... पुढचं मला ऐकूच आलं नाही.

सत्तारभाई घाटंजीत जळालेल्या मोटरी रिवाइंड करायचे, तारेचे वेढे नव्यानं भरायचे. चुंबकाच्या प्रवाहाला लोखंडातून जाणं सोपं, हवेतून महाकठीण. त्या अडवणुकीला रिलक्टन्स म्हणतात. मी हे पुस्तकातून शिकवायचो, त्यांच्या बोटांना ते आधीच ठाऊक होतं. एकक मात्र त्यांनी माझ्याकडून हट्टानं समजून घेतलं. “म्हंजे एक वेबर ढकलाले अँपिअर गुणिले वेढे किती लागतात, थेच ना?” मग आम्ही हिशेब मांडला. अर्धा मिलिमीटर हवा मीटरभर लोखंडाइतकी अडवते! मी हसलो, ते हसले नाहीत. “मंग फट दिसत नाही म्हून सोडाची नाही, सर.”

हिवाळ्यात मोटर चालू-बंद करणारा माझा स्टार्टर घुमू लागला. आतल्या कोअरच्या, म्हणजे एकमेकांना चिकटणाऱ्या दोन लोखंडी तुकड्यांच्या, तोंडावर गंज चढून मध्ये फट राहत होती. तो हम्म्म आवाज मी त्यांना फोनवर ऐकवला.

“कॉइल जास्त करंट पिऊन राह्यली, जयून जाईन. मी येतो. तवरोक काडी खोचू नोका.”

मी हो म्हणालो आणि स्टार्टर दाबलेलाच राहावा म्हणून त्यात बाभळीची चिपटी खोचली. आमच्याकडे सगळेच खोचतात. आवाज थांबतो, लाईन आली की मोटर आपोआप लागते, माझी यवतमाळहून खेप वाचते. शहाणपण फळ्यावरच राहिलं. पुढे मोटर पाणी कमी ओढू लागली, तेव्हा त्यांना मीच बोलावलं. चिपटीचं सांगायचं राहून गेलं. लाईन गेली की स्टार्टर सुटतो, बटण दाबल्याशिवाय मोटर लागत नाही, या भरवशावर त्यांनी उघड्या तारांना हात घातला.

मी पोचलो तेव्हा माणसं त्यांच्याभोवती होती. मी मेन बंद करून स्टार्टरचं झाकण उघडलं, चिपटी खिशात टाकली. कोणी पाहिलं नाही.

सत्तारभाईंच्या दुखवट्याच्या चाळिसाव्याला त्यांच्या पत्नीनं, भाभींनी, एक पुडी हातात दिली. आत जुन्या स्टार्टरचा कोअर होता, तोंडं आरशासारखी घासलेली, वर चिठ्ठी : ‘सर’.

“तुमच्यासाठीच ठेवला होता त्याईनं... सर, बिघाड कायचा होता?”

“फट होती,” मी म्हणालो. त्या मान हलवून आत गेल्या.

तो कोअर माझ्या टेबलावर आहे. दोन्ही तुकडे जुळवले की मधून कागदही जात नाही. भाभी वर्तमानपत्राची ही पुरवणी वाचतात, म्हणून इथं लिहितो : ती चिपटी मी खोचली होती.