साखरपुड्यातलं वादन

मित्राच्या मुलीच्या साखरपुड्याला परदेशी वादक बोलावले होते. एक म्हातारा ऊद हे अरबी तंतुवाद्य छेडत होता, क्यूबाचा ढोलवाला त्याला हलकेच ताल देत होता आणि सॅक्सोफोनवाली बाई डोळे मिटून त्यांच्यात जॅझचे सूर मिसळत होती. तीन मुलखांची माणसं एकमेकांचं किती जपून ऐकत होती!

तेवढ्यात कबाब चघळत मित्र स्टेजवर चढला. ऊदच्या तारांवर तेलकट पंजा दाबून तो ओरडला, "पुरे झालं रडगाणं! डीजे लावा रे!"

म्हाताऱ्याने रुमालाने एकेक तार पुसली. तिघं वाद्यं आवरू लागली, तेव्हा आता डीजे लागणार म्हणून पाहुण्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. मला शिसारी आली, कारण त्या टाळ्या अगदी मनापासून होत्या.