नागनाथची वाळवंटाची पिशवी

शेवटची भेट पाथरीतल्या त्याच्या स्टुडिओत झाली. बँकेच्या फोटोसाठी आलेल्या एका आजोबांची टोपी सरळ करता करता नागनाथने मला विचारलं, "गुर्जी, यंदा तरी येयलाव का जैसलमेरला?" मी गुडघ्याचं कारण पुढे केलं. तो नुसता हसला... आठव्या दिवशी सकाळी त्याच्या मुलाचा फोन आला. झोपेतच गेला होता. मातीला गेलो, मूठभर माती टाकली, तरी मला ते खरं वाटत नव्हतं.

लग्नं, बारशी, पासपोर्ट फोटो यांवर नागनाथचं पोट होतं, पण जीव वाळवंटात. परभणीचं ऊन डोक्यावर आलं की माणसं घराबाहेर पाऊल टाकत नाहीत. हा गडी त्याच दिवसांत राजस्थानची गाडी धरायचा. आगीतून फुफाट्यात निघाला म्हणून आम्ही चिडवायचो. त्याला एकच फोटो हवा होता : वाळूचं वादळ समोर येऊन उभं आहे आणि टेकडीवरचा एक कणही अजून हललेला नाही, त्या घडीचा.

चार वर्षांपूर्वी त्याने मलाही ओढून नेलं. उन्हात निघताना त्याने एक कांदा स्वतःच्या खिशात ठेवला, एक माझ्या. झळ लागू नये म्हणून आपल्याकडे ठेवतात तसा. दुपारी कॅमेरा हात भाजेल इतका तापला होता. तो टेकडीवर जागा शोधायला गेला आणि माझ्यातला शहाणा मास्तर जागा झाला. घरी माठाला गुंडाळतो तसा ओला पंचा मी कॅमेऱ्याला गुंडाळून ठेवला! तेवढ्यात वाऱ्याचा एक झोत येऊन गेला. नागनाथ धावत आला, पंचा सोडला, तर ओल्या कॅमेऱ्यावर बारीक वाळूचा चिखल बसलेला. लेन्स फिरेना. समोर आभाळाला टेकलेली पिवळी भिंत उभी होती, टेकडी अगदी स्तब्ध. तीच ती घडी, आणि तो हातात बंद कॅमेरा घेऊन डोळ्यांनीच बघत राहिला. मग वाळू अंगावर आली.

जीपमध्ये मला तोंड वर करवेना. तो त्याच पंच्याने माझ्या भुवयांतली वाळू पुसत म्हणाला, "माठ चांगला गार झाला बगा, गुर्जी. आता पाणी काढा." त्याने चार शिव्या दिल्या असत्या तर मी सुटलो असतो. पुढे दरवर्षी तो बोलवायचा आणि मी शाळा, पाहुणे, गुडघा असं काहीतरी सांगायचो. तो एकटाच जायचा. तो फोटो त्याला कधीच मिळाला नाही.

परवा नागनाथच्या घरी वहिनींनी बोलावलं. पाडव्यानंतर त्याने भरून ठेवलेली पिशवी खुंटीवर तशीच होती. "तुमीच उघडा, माझ्यानं व्हत न्हाई," त्या म्हणाल्या. कॅमेरा कोरड्या धोतराच्या फडक्यात बांधलेला होता. पट्ट्याच्या शिवणीत अजून वाळू होती... तळाशी दोन कांदे. एक सुकून हलका झालेला, दुसऱ्याला पिवळा कोंब फुटलेला. वहिनींनी दोन्ही कांदे हातात घेतले. "एकले जायचे तवा एकच कांदा न्यायचे," त्या म्हणाल्या.

कोंबाचा कांदा मी सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि भर उन्हात चालत घरी आलो. गुडघ्याला काहीही झालेलं नव्हतं, नागनाथ.