खोबरमधलं हॅम्बुर्ग

आखाती युद्ध सुरू झाल्यापासून माझी सात वर्षांची मुलगी अल-खोबरच्या आमच्या फ्लॅटचा जिना उतरली नव्हती. विषारी वायूच्या भीतीने खिडक्यांना तपकिरी टेप, दाराखाली ओला टॉवेल आणि गळ्यात गॅस-मास्कची पेटी, अशी ती अकरा दिवस गादीवर बसून होती. बाथरूमला जायचं तरी मी सोबत हवी. समजावून झालं, चॉकलेटं झाली, एकदा मी तिच्यावर ओरडलेही. त्याची अजून लाज वाटते.

भारतात निघून जाण्याचा प्रश्न नव्हता. आमचे हे नोकरीला समुद्राचं पाणी गोडं करण्याच्या कारखान्यात. ह्यांना सुटी नाही, आणि ह्यांना सोडून मी हलणार नाही, हे मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. मी हट्टीच आहे. तर एका सकाळी हे ड्यूटीवर गेले आणि मी कपाटातून हॅम्बुर्ग बंदराचा नकाशा काढला. हे तिथे पंपांच्या ट्रेनिंगला गेले होते, तेव्हा आणलेला. पुढच्या सुटीत तिघांनी जायचं ठरलं होतं, ते आता राहिलंच.

"आज आपण हॅम्बुर्ग बघायचं. चालत," मी म्हणाले.

"लेकिन वो तो जर्मनी में है, मम्मा." इथल्या भारतीय शाळेमुळे तिच्या तोंडी हिंदीच.

"असू दे. तिथे सायरन वाजत नाही."

तिने नकाशाकडे बघितलं आणि बूट मागितले.

प्रवास म्हटला की दशम्या हव्यातच. त्या बांधून घेतल्या, अबाया चढवला आणि निघालो. समुद्र म्हणजे तिथली नदी, बंद हॉटेलं म्हणजे लाल विटांची गोदामं. दूरची पाण्याची टाकी म्हणजे उंच मनोऱ्याचं चर्च. तिथे शेवटी पोचायचं. पोरगी पेटी छातीशी धरून, पण चालत होती. मला इतका आनंद झाला, की मी गाइडसारखी हात लांब करकरून सगळं दाखवू लागले.

तोच पोलिसांची जीप शेजारी थांबली.

तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. युद्ध चालू असताना एक परदेशी बाई बंदराचा नकाशा उघडून समुद्राकडे बोटं दाखवतेय! त्यात माझी नोंद ह्यांच्या इकाम्यावर, म्हणजे इथे राहण्याच्या परवान्यावर, आणि इकामा ह्यांच्या खिशात, कारखान्यात.

"इकामा?" पोलिसाने हात पुढे केला.

चौकीत नेतील याची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती ही, की आत्ता पोरगी घाबरली तर पुन्हा कधीच खाली उतरणार नाही.

तीच पुढे झाली. शाळेतल्या तोडक्यामोडक्या अरबीत तिने त्याला सांगितलं, की हे जर्मनी आहे, इथे सायरन नाही आणि आम्ही फिरायला आलोय.

त्याने नकाशा उलटसुलट केला. मग खाली वाकून तिलाच विचारलं, आपण आत्ता कुठे आहोत? तिने एका पुलावर बोट ठेवलं. तो हसला नाही. नकाशाची नीट घडी करून त्याने तिच्या हातात दिली आणि मला म्हणाला, "खलास, पुरे झालं. घरी जा. यल्ला, निघा!"

जीप गेली. हट्टबिट्ट सगळा संपला होता. मी मुकाट्याने घराकडे वळले, तर हाताला हिसका बसला.

"उधर नहीं, मम्मा. चर्च अभी बाकी है."

तिने गळ्यातली पेटी काढून माझ्यापुढे धरली. "ये आप पकड़ो. मुझे मॅप देखना है."

मी पेटी गळ्यात अडकवली आणि तिच्या मागून चालू लागले.